उशिरा हसणारा मामा

३ जून

चि. चोंबडीस,
अनेक आशीर्वाद.

छापायला देण्याआधी तू पाठवलेली कादंबरी वाचली. तुझी वहिनी म्हणते, झकास जमलीय. जन्मभर लोकांचे कान तपासलेस, त्यामुळे तुझ्या पुस्तकात एकही दार गपचूप उघडत नाही. ते असो. तो मामा मात्र मला मुळीच आवडला नाही. सगळे हसले की मग हसतो, भिंतीला पाठ लावून बसतो, बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघतो. शेवटी चारचौघांत त्याचं बिंग फुटतं. कशाला हवाय तो? काढून टाक.

इकडे सर्व ठीक. शाळेने बस चालवायला अजून एक वर्ष दिलंय.

तुझा दादा

८ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

मामा मी मनानेच रचला, असं समजत होते. तुझं पत्र आल्यावर ते प्रकरण पुन्हा वाचलं. काचेपलीकडे माणूस बसवायचा, बटण दाबून त्याच्या कानात आवाज सोडायचा आणि त्याचा चेहरा बघत राहायचं, हीच माझी नोकरी. माणूस ऐकू आलं म्हणतो, चेहरा खरं सांगतो. नोकरी संपली, ती खोड गेली नाही. गेल्या खेपेला तू आलास तेव्हा डोळ्यांनी टिपलं आणि मला न विचारताच हाताने लिहिलं. दादा, तो मामा तूच आहेस. म्हणून हल्ली फोन उचलत नाहीस आणि पत्रं लिहितोस ना? मी मेली ते प्रेम समजत होते.

मामाला मी आज काढीन. पण तुझ्या बसमध्ये पोरं असतात. एखादं मागून ओरडलं तर तुला कळेल का? जीव थाऱ्यावर नाही माझा. इकडे ये, मी तपासते. रागावलास तरी माया पातळ करू नकोस.

तुझी चोंबडी

१३ जून

चि. सौ. शहाणीस,
आशीर्वाद.

माझे कान ठणठणीत आहेत. पत्र लिहितो, कारण फोनवर तू दुसऱ्याला बोलू देत नाहीस. बस आरशात बघून चालवतात आणि माझी नजर शाबूत आहे. ही गोष्ट बाहेर गेली तर उद्या घरी बसेन. वहिनीला एक अक्षर कळवू नकोस.

दादा

१८ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

वहिनीला कळवलं नाही. शाळेला कळवायला मात्र दोनदा कागद पुढे ओढला आणि दोनदा ठेवून दिला. तिसऱ्यांदा ठेववेल असं वाटत नाही. मला भीती वाटते रे. तपासून घ्यायला येतोस ना? नुसतं हो म्हण.

तुझीच

२४ जून

चि. चोंबडीस,
अनेक आशीर्वाद.

काल उतरणाऱ्या एका मुलीचं दप्तर दारात अडकलं आणि मी बस सुरू केली. आरशात सगळ्या पोरांची तोंडं उघडी दिसली. मला वाटलं, गाणं म्हणतायत. शेवटी मुलांना चढवणाऱ्या मावशींनी पुढे येऊन माझ्या खांद्यावर थापड मारली, तेव्हा ब्रेक दाबला. मुलीचा गुडघा खरचटला, बाकी ती धडधाकट आहे.

आज सकाळी किल्ल्या मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवल्या आणि मला ऐकू येत नाही असं सांगितलं. त्या बराच वेळ काहीतरी बोलल्या. नेहमीसारखी मान डोलवणार होतो, पण म्हटलं, परत सांगा, जरा मोठ्याने. असं मी कुणाला पहिल्यांदाच म्हणालो. घरी येऊन वहिनीलाही सांगितलं. तिला ते केव्हाच कळलं होतं.

मामाला काढू नकोस. फक्त त्याचं बिंग दुसऱ्या कुणी फोडू नये. त्याला स्वतःच सांगू दे.

शुक्रवारी कान दाखवायला येतोय. स्टँडवर मागून हाका मारत बसू नकोस, समोर येऊन उभी राहा.

तुझा दादा