फाट्यावरचा हॉर्न

१९ जानेवारी

धडगावच्या दोन फेऱ्या. शहाद्याहून निघालो तेव्हा पाठ बरी होती. घाट लागला आणि कमरेत खिळा ठोकल्यासारखं झालं. प्रत्येक वळणाआधी एकच विचार — या वळणाला जाणार! मणका सटकणार, पाय लुळे पडणार, जीप माणसांसकट दरीत. वळण होऊन जातं. काही होत नाही. मग पुढचं वळण येतं.

मागे एका डॉक्टरने पाठीचा एक्स-रे फोटो बघून म्हटलं होतं, "सांभाळा, नाहीतर खाट धराल." त्याला ते आता आठवतही नसेल. मला रोज आठवतं.

फुलसिंग आज पण नव्हता. बाजाराच्या दिवशी माझ्या शेजारची पुढची सीट त्याचीच, दुसरा कोणी बसला तर उठवतो. छातीत दुखतंय म्हणून शहाद्यालाच दवाखान्यात ठेवलंय म्हणतात. माझी पाठ कोण ठेवून घेणार!

घरी आलो तर बायकोने, मीनाने, दारातच विचारलं — "कशी शे पाठ? गोळी लिधी का?" सांगितलं. जेवलो. पडलो.

२० जानेवारी

तेच.

२३ जानेवारी

आज चूक झाली. लिहून ठेवतो.

सकाळी स्टँडवर पवन आला, फुलसिंगचा मुलगा. म्हणाला, "भाऊ, बाबा गेला. दवाखान्याचे कागद झाले की आम्ही दुसऱ्या गाडीने नेतोय. नानीफुईला निरोप द्या. संध्याकाळी माती." नानीबाई फुलसिंगची बहीण. तिचा पाडा घाटात वर, तिथे फोन लागत नाही. फाट्यावर गाडी थांबवायची, तीनदा लांब हॉर्न द्यायचा. वरून कोणीतरी पळत येतं आणि निरोप घेऊन जातं. या रस्त्यावरच्या सगळ्या ड्रायव्हरांची हीच रीत. मी किती निरोप नेले असतील — मुलगी झाली, लग्न ठरलं, गोळ्या संपल्या. कागदावर एकही लिहिला नाही आणि एकही चुकला नाही.

फाट्याच्या जरा आधी ते खड्ड्यांचं वळण आहे. ते येणार म्हणून मी अर्ध्या घाटापासून पाठच धरून बसलो होतो. सीटवर तिरका झालो, दात आवळले. वळण गेलं. त्याच्यामागे फाटाही गेला. हॉर्न दिलाच नाही.

धडगावला परतीची गाडी भरेपर्यंत दिवस कलला. येताना फाटा दिसला आणि तेव्हा आठवलं! हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. एक पोरगी उतरून आली. निरोप ऐकून वर पळाली.

नानीबाईला भावाचं तोंड दिसणार नाही. फुलसिंगचं गाव धडगावच्याही पुढे.

काय वाटतंय ते लिहावं म्हणून मघापासून पेन धरून बसलोय. काही वाटत नाही. पाठ ठणकतेय.

२४ जानेवारी

वेळेत पोचली नाही नानीबाई. माती झाल्यावर पोचली.

२८ जानेवारी

मीना म्हणते, एकदा पाड्यावर जाऊन तिच्यासमोर उभं तरी राहा. म्हटलं, तो चढ मला चढवणार नाही. मीना उठली. कोपऱ्यात फुलसिंगने दिलेली आमचूरची पुडी होती, ती उचलून डब्यात ठेवली.

३ फेब्रुवारी

सुनिता नर्सला तिच्या उपकेंद्राच्या पुढे नेलं. तिने मागून हाका मारल्या म्हणे. मला ऐकू आल्या नाहीत. डिझेल भरलं आणि टाकीचं झाकण पंपावरच राहिलं. मीनाने दोन वस्तू आणायला सांगितल्या, एकच आणली.

निरोप आता भिला ड्रायव्हरच्या जीपला देतात. माझ्यासमोर देतात, लपवतही नाहीत. बरं झालं, एक ओझं कमी. असं लिहिलं खरं.

९ फेब्रुवारी

मीनाने ओढून नेलं, पाठीचे व्यायाम शिकवणाऱ्या नूतन मॅडमकडे. मी म्हटलं, पाठ राहू द्या, माझं डोकं गेलंय का ते बघा. त्यांनी काही शब्द सांगितले. जरा वेळ पाठीबद्दल बोलायला लावलं, मग म्हणाल्या, आता ते शब्द सांगा. पहिला सांगितला. खुर्ची. पुढे कोरा.

मॅडम म्हणाल्या, "डोकं ठीक आहे तुमचं. त्यात चोवीस तास पाठ बसलीय. दुसरं कोणी कुठे बसणार?"

फोटो उजेडात धरून बघितला. "या वयात असं दिसतंच. मणका सटकणार नाही."

मला राग आला. "म्हणजे माझं दुखणं खोटं?"

"दुखणं खरं आहे. मोडून पडणार, हे खरं नाही."

फार दिवसांनी राग आला. तोही घरी येईपर्यंत टिकला नाही.

१० फेब्रुवारी

व्यायाम केले. दुखलं. मोडलो नाही.

१४ फेब्रुवारी

व्यायाम. दोन फेऱ्या. खाट धराल, खाट धराल — इंजिनाच्या आवाजात पण तेच.

१९ फेब्रुवारी

नानीबाई फाट्यावर उभी होती. दुसरी गाडी मिळाली नसेल. मला वाटलं, बघून तोंड फिरवेल. पुढचं दार उघडून सरळ पुढच्या सीटवर बसली. त्याच्याच!

घाटभर समोरचा रस्ता बघत होती. मलाच राहवलं नाही. म्हणालो, मावशी, त्या दिवशी पाठ इतकी धरली होती, की...

"पाठ, पाठ!" ती ओरडली. "माझ्या भावाला तुझी पाठ माहीत. पोरांना माहीत. कोंबडीला बी माहीत! तो इथं बसायचा, तुझ्याजवळ. एवढे दिस झाले, त्याचं नाव तरी घेतलं का तू?"

घेतलं नव्हतं. माफी पण मी पाठीचीच मागत होतो.

शहाद्याला उतरताना खिडकीशी आली. म्हणाली, "निरोप आहे. नेशील?" मी मान हलवली. "तुझ्या बाईला सांग, नानीबाईने सांगितलंय — घरी आला की त्याला पाठ नको विचारू. दुसरं काही विचार."

भिलाची जीप शेजारीच उभी होती. तिने निरोप मला दिला.

२० फेब्रुवारी

काल घरी गेल्या गेल्या सांगून टाकला, बूट पण काढले नव्हते. "बरं," मीना म्हणाली.

पाठ दुखतेच आहे. मुद्दाम लिहितो, नाहीतर उद्या मीच म्हणेन बरी झाली.

२१ फेब्रुवारी

दारात पोचलो. मीना पीठ मळत होती. पाठीचं विचारलं नाही. म्हणाली, "आज गाडीमा कोण कोण व्हतं?"

सांगायला लागलो. मागे सुनिता नर्स, तिच्या मांडीवर लसीचा डबा. गुजरातहून होळीला परत आलेली चार पोरं, नवे मोबाईल घेऊन. टपावर कोंबड्यांची पाटी. मधे धडगावचा शिंपी, त्याची झोपलेली नात. एकेकाचं तोंड दिसत होतं. "आणि पुढे फुलसिंग," म्हणालो.

तोंडातून गेलं. थांबलो.

फुलसिंग गेला. माझ्या जीपचं दार जोरात आपटणारा, जाताना आमचूरची पुडी सीटवर ठेवून काही न बोलता उतरणारा फुलसिंग मेला. आणि मला ते आज कळलं.

दारातच रडलो, मोठ्याने. मीना म्हणत होती, बसा, आधी बसा ना. बसायचं सुचलंच नाही.