चतुरामावशींच्या आवाजामागे

लातूर,
१२ फेब्रुवारी २०२५

चि. मनिषास,
सुदर्शनदादाचे अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज येऊन आठ दिवस झाले. उत्तर तीनदा टाइप केलं, तीनदा पुसलं. शेवटी कागद घेतला. आम्ही इकडे बरे आहोत. आमची तनुजा यंदा दहावीला, त्यामुळे घरात टीव्ही बंद आणि मी दिवसभर औसा रोडच्या रेकॉर्डिंगच्या खोलीतच. नांदेडला तुझी शाळा, घर, पोरं सगळं ठीक असेल.

मंडळाच्या रेकॉर्डिंगसाठी कोणतं मशीन घ्यावं, हे तू विचारलंस, ते आधी सांगतो. माइकमधून येणारा आवाज फार बारीक असतो, त्याला मोठं करतं ते प्रीअँप. लग्नातल्या बँडपुढे कसलंही प्रीअँप चालतं. आपल्या गावच्या भजनी मंडळाचं तसं नाही. एकतारी, पेटी, ढोलकी आणि सात बायांचे साधे गळे. प्रीअँप फार वर न्यावं लागतं, आणि हलकं असलं की आवाजामागे त्याचं स्वतःचं सूंऽऽ सुरू होतं.

म्हणून आठ माइकांचं मशीन घेऊ नकोस. तेवढ्याच पैशात चार माइकांचं, पण शांत मशीन येतं. माहितीच्या कागदावर खरखरीचा आकडा असतो. वजा एकशे अठ्ठावीस डेसिबलच्या आसपास असला तर उत्तम, पण नुसत्या आकड्यावर भुलू नकोस. दुकानात माइक जोडायला लाव, बटण पाऊणपर्यंत ने, सगळ्यांना गप्प बसव आणि हेडफोन लावून ऐक. जे मशीन गप्प बसतं ते आपलं. माइक कंडेन्सर जातीचा घे, त्याचा आवाज मुळातच जोरात येतो, मग प्रीअँपला कमी राबावं लागतं. गाणारीच्या जवळ माइक, टाळ लांब.

एवढं सगळं मला चार वर्षांपूर्वीही माहीत होतं, मनिषा.

तू मेसेजच्या शेवटी लिहिलं होतंस, ‘आईचं तेव्हाचं काही रेकॉर्डिंग असलं तर पाठव, आता ती टाळच वाजवते.’ त्या ओळीशी मी आठ दिवस अडकलोय.

चार वर्षांपूर्वी नांदेडच्या कार्यक्रमाच्या निवडीसाठी मंडळाचं रेकॉर्डिंग पाठवायचं होतं, तेव्हा तू नांदेडातच होतीस. मी माझं नवं मशीन घेऊन गावी गेलो. लग्नाच्या साउंडवाल्याकडून स्वस्तात मिळालेलं, आठ माइकांचं. आदल्याच आठवड्यात रिकाम्या खोलीत लावून पाहिलं होतं. सूंऽऽ ऐकू येत होतं. तरी देवळात सगळ्यांपुढे म्हणालो, “असं मशीन लातुरात कुणाकडं न्हाई.” सरपंच होते, शाळेचे गुरुजी होते, अर्धं गाव होतं.

तुझी आई, आमच्या चतुरामावशी, रेणुकेचं पद गायल्या. त्यांचा आवाज कसा ते तुला काय सांगू? जोरात नाही, पण माणूस पुढे सरकून बसायचा. मी प्रीअँप शेवटपर्यंत वर नेलं. मग स्पीकरवर लावून ऐकवलं.

मावशींनी मान तिरकी करून ऐकलं आणि म्हणाल्या, “सुदर्शन, माझ्या आवाजामागं हे चुलीवर आधण ठेवल्यावाणी काय वाजून राहिलंय रं?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. “माझं मशीन हलकं आहे,” एवढं म्हणायला किती वेळ लागला असता?

मी म्हणालो, “मशीन बरोबर हाय, मावशी. तुमचाच आवाज खाली गेलाय. वय झालं आता. मशीन तरी काय करंल?”

मीच पुढे म्हणालो, “लक्ष्मम्माला पुढं घ्या, तिचा आवाज खडा हाय.” लक्ष्मम्मा देगलूरकडची, खणखणीत गाणारी. पुन्हा रेकॉर्डिंग केलं, आणि तिच्या आवाजाखाली ते सूंऽऽ झाकून गेलं. मावशींनी एकतारी तिच्या हातात दिली आणि स्वतः टाळ घेऊन मागच्या रांगेत बसल्या. मंडळ निवडलं गेलं. नांदेडला तू समोरच बसली होतीस. कार्यक्रम झाल्यावर विचारलंस, “आई, तू का नाही गायलीस?” त्या म्हणाल्या, “घसा बसलाय.” मी शेजारी उभा राहून वायरी गुंडाळत होतो.

आणि ते पहिलं रेकॉर्डिंग? लातूरला आल्याबरोबर मी पुसून टाकलं. कुणी जाणकाराच्या कानावर पडलं तर माझं मशीन कसलं आहे ते कळेल, म्हणून. तुला पाठवायला माझ्याकडे काही नाही.

तुझा मेसेज आल्यावर गेल्या रविवारी गावी जाऊन आलो. आता माझ्याकडे चार माइकांचं शांत मशीन आहे, ते बरोबर नेलं. दुपारी मावशी ओसरीत तूर निवडत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांचे हात सुपातच थांबले.

“म्हंजी आवाज गेला नव्हता?”

“नव्हता, मावशी.”

मग म्हणाल्या, “मी घरात सुदिक गुणगुणले न्हाई रं. चार वर्सं. वाटायचं, आवाज गेलाय ते आपल्यालाच कळंना, लोकं हसत असतील.” आणि मग, “ते तवाचं गाणं दिलं असतंस, तर आधणासगट ऐकलं असतं मी.”

मी पाया पडायला वाकलो तर त्यांनी पाय मागे घेतले.

मग स्वतःच म्हणाल्या, “लाव तुझं मशीन.” मी माइक लावला. त्यांनी तेच पद धरलं. दुसऱ्या ओळीला श्वास तुटला. पुन्हा धरलं. वरचा सूर लागेना, खालचा थरथरायला लागला. चार वर्षं न वापरलेला गळा आणि सत्तरीचं वय. तिसऱ्या खेपेला त्यांनीच हात वर केला.

त्यांना हेडफोन लावून ऐकवलं. सूंऽऽ अजिबात नाही. श्वास कुठे तुटला, सूर कुठे घसरला, सगळं लख्ख. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, हेडफोन काढून माझ्या हातात दिला.

“आता मात्र मशीन खरं बोलून राहिलंय,” म्हणाल्या आणि सूप पुढे ओढलं.

मी तेव्हा खोटं बोललो आणि चार वर्षांनी ते खरं झालं. याला भरपाई नाही, हे मला कळतं.

मावशींनी तुला सांगू नको म्हटलेलं नाही, सांग असंही नाही. पण आईचा घसा बसला म्हणून तू नांदेडहून औषधं पाठवायचीस, हे लक्ष्मम्माने मला परवा सांगितलं. त्यानंतर हे लपवणं जमलं नाही.

वर एवढं लिहिलं, तरी मशीन विकत घेऊ नकोस. येत्या मंगळवारी मंडळ बसणार आहे. माझं मशीन आणि माइक मी दुपारीच देवळात ठेवून जाईन, कुठलं बटण कुठवर न्यायचं ते कागदावर लिहून. तू आलीस तर तूच बस मशीनवर. मागच्या रांगेत मावशींच्या जवळ एक माइक लाव. त्या गातील असं नाही. मी तिथे असेन तर नक्कीच गाणार नाहीत, म्हणून मी थांबणार नाही.

उत्तर पाठवलंस तर वाचेन. नाही पाठवलंस तरी तुझं चुकलं असं म्हणायला मला तोंड नाही.

ज्याला तू दादा म्हणत आलीस,
सुदर्शन