मर्सिनच्या बाहेर उभं जहाज

४ मार्च, मंगळवार

हितूचा मेसेज! तोही आवाजातला, सतरा सेकंदांचा. 'ताय, बाबांना सांग येतोय. जहाज मर्सिनला लागलं की उतरतो. कंपनीशी बोललोय.'

मर्सिन म्हणजे तुर्कस्तान. तिथून मुंबई एका दिवसाची गोष्ट. आईने फोन बाबांच्या कानाशी धरला. सहा वेळा ऐकला त्यांनी. ऑक्सिजनचं मशीन घरघरतं म्हणून सातव्यांदा ऐकताना ते बंद करायला निघाले होते!

डॉक्टरांनी महिन्याचाच वायदा दिलाय. तीस वर्षं गिरणीत साच्यावर उभं राहून कापूस फुप्फुसात गेला, तो आता वसूल करतोय.

सहा वर्षं झाली. हितू गणपतीच्या आरतीला पिऊन आला आणि बाबांनी अख्ख्या चाळीसमोर त्याच्या थोबाडीत मारली. पस्तीस वर्षांच्या बाप्याच्या! वर म्हणाले, मूर्तीला हात लावायचा नाही, चालता हो. तो जो चालता झाला तो जहाजावर. फिटर आहे. आईशी बोलतो, माझ्याशी बोलतो, बाबांशी अक्षर नाही. बाबाही कमी नाहीत. त्याचा फोन आला की गॅलरीत जाऊन उभे राहायचे.

आणि आज सहा वेळा ऐकला.

७ मार्च, शुक्रवार

घोळ झाला. हितू लिहितो, 'जहाजावर सायप्रसचा झेंडा आहे. तुर्की लोक बंदरात घेत नाहीत. बाहेर समुद्रात नांगर टाकून उभे आहोत.'

आई म्हणाली, 'झेंड्यान काय होता? माणूस तर आमचो हा ना?'

शेजारचे शामराव पेपर परत द्यायला आले होते. ऐकून हसले. 'अनुजा, पोरगा बहाणे करतोय गो.' मला असा राग आला! जन्मभर बेस्टमध्ये हजेऱ्या लिहिल्या यांनी, यांना काय ठाऊक सायप्रस कुठे आहे ते. मी बावीस वर्षं भूगोल शिकवतेय.

८ मार्च, शनिवार

शाळेत ऑफ तासाला कॉम्प्युटरवर बसून सगळं शोधलं. खरं आहे! अगदी शब्दन् शब्द खरं आहे. सायप्रसच्या झेंड्याचं जहाज तुर्कस्तान आपल्या बंदरात घेत नाही. कितीतरी वर्षांपासून. नियमच आहे तसा. प्रिंट काढली आणि घरी येताना आधी शामरावांच्या दारात थांबले. वाचून दाखवली. त्यांनी चष्मा पुसला.

मग वर्गातला नकाशा आणला होता तो बाबांच्या पलंगासमोर लावला. बाबांना सांगितलं — हे तुर्कस्तान, हे खाली बेट. १९७४ साली ग्रीसवाल्यांनी इथलं सरकार उलथलं, मग तुर्की फौज उतरली, बेटाचे दोन तुकडे झाले. वरचा तुकडा तुर्कस्तान सोडून कुणी मानत नाही. खालचं सरकार सगळं जग मानतं, फक्त तुर्कस्तान मानत नाही. एकमेकांकडे वकिलात नाही. जहाजं घेत नाहीत म्हणून युरोपवाल्यांनी तुर्कस्तानला आपल्यात घ्यायचं काम अडवून धरलंय, तरी हे ऐकत नाहीत. आणि गंमत म्हणजे दोन्हीकडे कॉफी तीच, त्याच दांड्याच्या भांड्यात उकळलेली. एक खारट पांढरं चीज बेटाच्या दोन्ही तुकड्यांत बनतं, त्याला युरोपने दोघांचं मिळून एकच प्रमाणपत्र दिलंय. खाण्यात एक, बंदरात दोन!

बाबांनी डोळे मिटून सगळं ऐकलं. मला वाटलं झोपले. मग म्हणाले, 'म्हंजे दोन मालकांचा भांडाण. आणि उपाशी कोण? बदलीवालो कामगार.'

बावीस वर्षांत असा विद्यार्थी मिळाला नाही.

११ मार्च, मंगळवार

शामराव पुन्हा. 'एक विचारू? झेंडा काय काल लावला? कंपनीला आधी माहीत नव्हतं, मर्सिनला उतरवतो म्हणून सांगताना?'

मी म्हटलं, 'काका, तुमची मुलगी ठाण्याहून किती दिवसांनी येते हो?'

बोलायला नको होतं. पण बोलले. काका उठून गेले.

१३ मार्च, गुरुवार. होळी

हितूचा मेसेज — आता इजिप्तला, अलेक्झांड्रियाला उतरवणार. तीन-चार दिवस. नकाशावर बोट ठेवून बाबांना दाखवलं. म्हणाले, दाढी करूक हवी. खालचा न्हावी वर बोलावला. गालांची नुसती हाडं. तो जपून वस्तरा फिरवत होता, बाबा मात्र ऐटीत.

दुपारी आई बाजारात गेल्यावर मला जवळ बोलावलं. गावचा शिमगा, पालखी, काय काय आठवत होते. मग मधेच थांबून — 'त्येका घराबाहेर काढलंय, ती चूक माझी. तो इलो की तोंडार सांगतलंय तसा.'

माझे बाबा! संपात युनियनपुढे मान तुकवली नाही, मालकापुढे नाही. मी फोन काढला, म्हटलं बोला, रेकॉर्ड करून पाठवते. हात झटकला. 'मशीनीत नाय. तोंडार.'

हितूला लगेच लिहिलं. बाबांना तुझ्याशी बोलायचंय. दोन मिनिटं फोन लाव, जहाजाच्या फोनवरून लाव, कसाही लाव. उत्तर आलं — 'नेटवर्क नाही ताय.'

१५ मार्च, शनिवार

अलेक्झांड्रियाही नाही. तिथे रांग आहे म्हणे.

१७ मार्च, सोमवार

बाबांना आता नकाशा दिसत नाही. तरी मान तिकडेच. आईने देवाला नारळ बोललाय. मी म्हटलं, कुठल्या देवाला? तुर्कांच्या की सायप्रसवाल्यांच्या? आई रडली. माझी जीभ हासडायला हवी.

अर्थात चूक त्या दोन सरकारांची. ती माणसं आपापल्या कचेऱ्यांत दांड्याच्या भांड्यातली कॉफी पीत असतील. पन्नास वर्षं रुसून बसायला काय लागतं? दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात. इथे तिसरा लालबागमध्ये तिसऱ्या मजल्यावर गुदमरतोय, त्याचा कसला लाभ?

१९ मार्च, बुधवार

जिनिव्हात काल बैठक झाली. बेटाचे दोन्ही पुढारी, तुर्कस्तान, ग्रीस, ब्रिटन, सगळे एका टेबलाशी. मी दोन दिवस देव पाण्यात घालून बसले होते, मूर्खासारखी. बातमी वाचली. चार नवी नाकी उघडू म्हणतात, सुरुंग काढू, तरुणांची समिती नेमू. दफनभूमींची दुरुस्ती करू! जहाजांबद्दल चकार शब्द नाही. मेलेल्यांची सोय झाली. मरायला टेकलेल्यांचं काय?

बाबांनी विचारलं, 'झाला काय त्यांचा?' मी म्हटलं, होतंय बाबा. थोडं राहिलंय.

२० मार्च, गुरुवार

बाबा गेले. सकाळी साडेदहा.

२२ मार्च, शनिवार

अग्नी मी दिला. भावकीतले दोघे कुरकुरले, मुलगा असताना मुलगी कशी म्हणून. शामराव त्यांच्यावर ओरडले, 'मुलगा सरकारी नियमात अडकलाय! नियम वाचायचाय? हिच्याकडे प्रिंट आहे!' काकांना मी त्या दिवशी तसं बोलले आणि मडकं माझ्या खांद्यावर धरायला तेच पुढे आले. लाज वाटली.

शेवटचं लिहून ठेवते, नाहीतर विसरेन. सकाळी दहाच्या सुमाराला बाबांनी मला खूण केली. मास्क काढायला लावला. 'त्या तुर्कांचा वाटोळा होवो,' म्हणाले. स्पष्ट. मग आईकडे बघून, 'पोराचो काय दोष? तो येतच होतो.' आणि अर्ध्या तासाने संपलं.

हितूचा मेसेज काल आला. 'माफ करा. पोचू शकलो नाही.' मी लिहिलं, तुझी चूक नाही रे. बाबाही तेच म्हणाले. त्याने ते वाचलं. पुढे काही लिहिलं नाही. रडत असेल.

२७ मार्च, गुरुवार

शाळेतल्या बाई भेटायला आल्या. मुलगा कुठे विचारलं, तर मी तेच सगळं पुन्हा सांगितलं, १९७४पासून. आता पाठ झालंय. आई पण सांगते, 'सायप्रसचो झेंडो' म्हणून. खालच्या मसाल्याच्या डंकीवर मिरच्या निवडणाऱ्या बायकांनाही माहीत झालंय. अख्खी चाळ तुर्कस्तानला शिव्या घालतेय. एरवी इथे कुणाचं कुणाशी पटत नाही.

३० मार्च, रविवार. पाडवा

सुतक आहे, गुढी नाही. गॅलरीत सगळ्यांच्या गुढ्या, आमचीच जागा रिकामी.

बसून अर्ज लिहिला, हितूच्या कंपनीला. तीन पानं. सायप्रसच्या झेंड्याच्या जहाजावरची माणसं तुर्की बंदरात उतरवण्याचं कबूल करताना आपण नियम पाहिला होता का? एका बापाची अखेरची इच्छा आपल्या गलथानपणाने राहिली. असं बरंच. तेरावं झालं की स्वतः नेऊन देणार. पोचपावती घेतल्याशिवाय हलणार नाही. आणखी कुणाच्या बापावर ही पाळी येता कामा नये.

३ एप्रिल, गुरुवार

फोर्टात हितूच्या कंपनीच्या कचेरीत गेले होते. कालिंदी नावाच्या मुलीने अर्ज पूर्ण वाचला. पाणी दिलं. मग स्क्रीन माझ्याकडे वळवला.

झेंडा माल्टाचा. जहाज सहा ते चौदा मार्च मर्सिनच्या धक्क्यालाच होतं. हितूच्या जागी जाणारा माणूस तिथे पोचलाही होता, हितूचं तिकीट काढलेलं होतं. त्याने लिहून दिलंय — घरी जाण्याची गरज नाही, करार वाढवून मिळावा. खाली सही. तारीख चौदा मार्च. बाबांना बोलायचंय असं मी त्याला कळवलं त्याच्या दुसऱ्या दिवसाची.

मी नियम तपासला. जहाज तपासलं नाही. खोटं त्याचं, पण ते खरं करून दाखवलं मी. नकाशा लावून.

घरी आले तर आई दारातच. 'काय म्हणाले कंपनीवाले?'

म्हटलं, अर्ज घेतला. वर पाठवतो म्हणाले.