आजीच्या प्रार्थनेतलं शेवटचं नाव

कोल्हापूर, रविवार, दिवे लागल्यावर

आजीला माती देऊन आठवडा झाला. आत्ताच लिहिते. उद्या मलाच खरं वाटणार नाही.

घरची प्रार्थना आज आईने घेतली. आजी रोज प्रभूपुढे सगळ्यांची नावं घ्यायची. मुलं, सुना, नातवंडं, शेजारच्या शालनकाकू, अगदी गोठ्यातली म्हैससुद्धा. दोन-तीन नावं झाली आणि आईला हुंदका आला.

तेवढ्यात बाहेरून आवाज आला. आजोबा! आयुष्यभर हा माणूस प्रार्थनेच्या वेळी कट्ट्यावर, आमच्याकडे पाठ करून तंबाखू मळत बसला. "तुझं तू कर की, मला वढू नगंस," म्हणायचे आजीला. तिने कधी वाद घातला नाही. फक्त दार उघडं ठेवायची. डास येतात म्हणून आम्ही किती कटकट करायचो!

आज त्याच दारातून एकेक नाव आत आलं. तिच्याच क्रमाने, तिच्याच सुरात. म्हैससुद्धा राहिली नाही.

मग आजोबा थांबले. मला वाटलं, संपलं. पण तिची एक ओळ उरली होती. नवऱ्याचं नाव तिने कधी उच्चारलं नाही, देवापुढेही नाही.

आजोबा मागे न बघता म्हणाले, "आणि प्रभू, ह्यास्नी बी संभाळ."

स्वतःसाठी. तिच्या शब्दांत.

आमेन कुणी म्हटलं की नाही, आठवत नाही. डास आत येत होते. दार लावायला कुणीच उठलं नाही.