घालणाऱ्याचा शब्द

सेंट लुइस, गुरुवार, २८ जून १९५१

प्रिय ऑर्व्हिल,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. आजपर्यंत चारदा वाचून झालं. पहिल्यांदा वाचताना हसलो, खोटं कशाला सांगू. "माझ्या पायांवर मेंढरासारखे केस आहेत, ते साऱ्या ब्रॅनफेरी गावाला दाखवायचं माझ्या करारात लिहिलेलं नाही," हे वाक्य मी शिवणखात्यातल्या बायकांना वाचून दाखवलं, तर दोघींनी मशिनी थांबवल्या आणि तिसरीनं विचारलं, तुझा भाऊ लग्नाचा आहे का? पुढचं मात्र वाचून दाखवलं नाही. रविवारी नव्या हाफचड्डीत बेसबॉलच्या मैदानात उतरला नाहीस तर टटलसाहेब तुझं नाव संघातून कापणार, आणि तू तर आधीच बॅग भरून ठेवली आहेस. दुपारच्या बसनं घरी, सोमवारी बाबांबरोबर शिशाच्या खाणीत. सत्तावीस वर्षांचा सेकंड बेसमन एकदा खाली उतरला की त्याला पुन्हा वर कोणी बोलवत नाही. हे तुला ठाऊक आहे, म्हणूनच तू ते इतक्या हसत लिहिलंस.

माझं अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं आहे, तेव्हा सावकाश वाच. सहावीत शाळा सोडलेल्या माणसाला एवढं लांब लिहायचं म्हणजे घाम फुटतो. पण जे सांगायचंय ते तारेत बसणारं नाही, आणि तू उत्तर द्यायच्या आत मला सगळं सांगून टाकायचंय.

आई नेहमी म्हणते, डेलच्या पायाला भिंगरी लागली आहे. खरंच आहे. तीन वर्षांत बूट कारखाना झाला, बर्फाची गाडी झाली, नदीवरची गोदी झाली, डुकरांच्या बाजारात तर जेवणाच्या सुट्टीपर्यंतसुद्धा टिकलो नाही. पण या गणवेशांच्या कारखान्यात आठ महिने झाले. का टिकलो ते घरी कोणाला सांगितलं नाही. वरच्या मजल्यावरच्या एका खोलीमुळे.

ती खोली हावलिक म्हाताऱ्याच्या ताब्यात असते. तो बोहेमियातून लहानपणी आलेला, कापड बेतणारा कारागीर. सत्तरीचा आहे, तोंडात कायम टाचण्या. मला "मिसुरीच्या गाढवा" म्हणतो, आणि खुश असला की "गाढवा"तच भागवतो. पहिल्या आठवड्यात त्यानं मला एक खोकं वर न्यायला लावलं आणि दार उघडलं. ऑर्व्हिल, मी चर्चमध्ये कधी टोपी आपणहून काढली नाही, आई काढायला लावायची. तिथं काढली. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दांड्या, आणि दांड्यांवर सत्तर वर्षांचे शर्ट. नाकारलेले, हसून फेकलेले, एकाच हंगामात विटलेले, कधी मैदानच न पाहिलेले.

पहिल्या दांडीवर रेशमी शर्ट आहे. रेशमी, हो. आपल्या आजोबांच्या तारुण्यात मोठ्या संघांच्या मालकांना असं सुचलं होतं, की प्रत्येक जागेच्या खेळाडूचा रंग वेगळा. पिचरचा एक, कॅचरचा दुसरा, सेकंड बेसमनचा तिसरा. आणि हे दोन्ही संघांना सारखंच. म्हणजे तुझ्या आणि समोरच्या सेकंड बेसमनच्या अंगात एकच शर्ट, संघ ओळखायचा तो मोज्यांवरून. चेंडू हातात घेऊन माणसानं आधी सगळ्यांच्या पोटऱ्या बघायच्या. "सर्कशीतले विदूषक म्हणायचे लोक," हावलिक म्हणाला. तो शर्ट मी हातात घेतला तर पाण्यासारखा बोटांतून निसटला. काखेत पिवळा डाग होता. सत्तर वर्षांपूर्वी कुणीतरी हे विदूषकाचं कापड अंगात घालून उन्हात एवढा घाम गाळला की तो अजून गेलेला नाही. मी हसणं तिथंच थांबवलं.

मग चौकड्यांचे, आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावरच्या कापडासारखे. नखशिखांत काळे, जणू नऊ जण प्रेत उचलायला निघालेत. छातीवर दोऱ्या बांधायचे, खलाशांसारखी मोठी कॉलर असलेले. साटिनचे, कारण मैदानावर दिवे आले तेव्हा ब्रुकलिनकरांना वाटलं की खेळाडू चमकला पाहिजे. तो शर्ट खिडकीशी धरला तर भिंतीवर उजेडाची थाप पडली. आमच्या कारखान्याची आपली वेडंही आहेत. एकाची बटणं पाठीवर आहेत, म्हणजे समोरून कसा गुळगुळीत दिसावा. तो घालायला खेळाडूनं लग्न केलेलं असावं लागतं, असं हावलिक म्हणतो. एका विजारीच्या दोन्ही कुशींत कापूस भरलाय, बेस गाठायला जमिनीवर घसरताना लागू नये म्हणून. ती घालून मी चाललो तर अंडं घालायला जागा शोधणारी कोंबडी दिसलो असेन. आणि एक जाळीचा शर्ट, सगळा जाळीचा, मासे धरावेत असा. पण जुलैमध्ये, शंभर अंशांत, ओल्या घोंगडीसारख्या लोकरी फ्लॅनेलमध्ये तू नऊ डाव उभा असतोस ना, ज्यानं हा जाळीचा शर्ट शिवला त्याला तुझी दया आली होती, ऑर्व्हिल. त्याचं नावही कुणाला माहीत नाही.

हावलिकनं मला सगळ्यात शेवटी एक साधा शर्ट दाखवला होता. पांढरा, नीटस, डाव्या बाहीवर एक लहानसा आकडा. मी म्हटलं, यात काय वेडं आहे? तोंडातल्या टाचण्या काढून म्हातारा हसला. म्हणाला, "गाढवा, तेव्हा हेच सगळ्यात मोठं वेड होतं. याच शहरातल्या मोठ्या संघानं असे आकडे लावून बघितले. लोकांनी एवढं चिडवलं की खेळाडूंना तुरुंगातल्या कैद्यांसारखं वाटायला लागलं. काढून टाकले. मग एका लहान संघाचा मालक तसेच आकडे मागायला आमच्याकडे आला. मी घालून बघितला आणि नाही म्हणालो. मी, या तोंडानं, आकड्यांना नाही म्हणालो." आता या शहरातल्या शेंबड्या पोराला स्वतःच्या बापाचा वाढदिवस सांगता येणार नाही, पण कोणाच्या पाठीवर कितवा आकडा ते झोपेत सांगेल. हावलिक तो शर्ट महिन्यातून एकदा झटकतो आणि परत लावतो. मी एवढ्या मोठ्या चुकीसमोर कधी उभा राहिलो नव्हतो. त्याला तिची लाज वाटत नाही. तो तिच्याकडे, कसं सांगू, डोंगराकडे बघावं तसा बघतो.

"घालून बघितला" म्हणजे काय ते आता तुला सांगायला हवं. या कारखान्याची एक रीत आहे, पहिल्या मालकानं घालून दिलेली. कुठल्याही संघाची मागणी आली की आधी एकच नमुना शिवायचा. मागच्या अंगणात बेसबॉलच्या मैदानातलीच लाल माती अंथरली आहे, शेवटाला बेसच्या जागी वाळूचं पोतं. अंगानं खेळाडूसारखा असलेला एक माणूस तो नमुना घालतो, बारा पावलं पळतो आणि पोत्यावर घसरतो. तीनदा डाव्या कुशीवर, तीनदा उजव्या. मग हावलिक शिवणी तपासतो, पण निकाल हावलिकचा नाही, मुकादमाचा नाही, वरच्या मालकाचाही नाही. घसरणारा उठतो आणि एक शब्द बोलतो. "जाईल" किंवा "नाही". जाईल म्हणाला तर कापड कापायला घेतात. नाही म्हणाला तर नमुना वरच्या खोलीत. ज्याच्या अंगावर आहे त्यानंच सांगायचं, त्याच्या शब्दावर कोणी दुसरं बोलायचं नाही. हावलिक पूर्वी तेच काम करायचा.

आता ते काम मी करतो. आईला मी माल पाठवण्याच्या खात्यात आहे म्हणून कळवलं होतं. तुलाही. काय करणार, मी या शहरात आलो तो इथल्या मोठ्या संघाच्या चाचणीसाठी. हे कुणालाच माहीत नाही. तिथल्या माणसानं मला पाच चेंडू मारायला दिले, मग वहीतून डोकंही वर न काढता म्हणाला, "पळतोस बरा, बाळ. पोस्टात बघ काहीतरी." घसरणं तेवढं त्याला आवडलं होतं. ते तूच शिकवलेलं. खाणीच्या त्या राखाडी वाळूच्या ढिगाऱ्यावर तू मला कितीदा पळवलं असशील. आई ओरडायची की विजारींना आता ठिगळावर ठिगळ लावायला जागा उरली नाही, आणि तू मला सांगायचास, "गुडघा दुमड, हात वर, आणि जमिनीशी भांडू नकोस, ती तुझ्यापेक्षा मोठी आहे." त्यावर मला पगार मिळेल असं आपल्याला कोणाला वाटलं होतं?

मे महिन्यात मुकादमानं मला अंगणात बोलावलं. त्याच्या हातात हाफचड्डी होती. गेल्या वर्षी कॅलिफोर्नियातल्या एका संघानं तसली घातली, तेव्हापासून चौकशा येतात. मी थट्टा केली की उरलेली अर्धी कुठं आहे. तो हसला नाही. मागणीबरोबर संघाच्या मालकाचं पत्र होतं, ते त्यानं मोठ्यानं वाचलं, कारण घाई का आहे ते त्याला आम्हाला सांगायचं होतं. लोक संध्याकाळी घरात टेलिव्हिजनसमोर बसतात, मैदानावर कुत्रंही फिरकत नाही, असं त्या माणसानं लिहिलं होतं. काहीतरी बघायला मिळालं तरच माणसं येतील. कपडे जुलैच्या पहिल्या रविवारपर्यंत मिळाले तर हंगाम पुरा करीन, नाही तर फाटकाला कुलूप लावून सगळ्या पोरांना घरी पाठवीन. खाली सही होती, होरेस टटल, ब्रॅनफेरी. तुम्हाला त्यानं हे सांगितलेलं नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही सांगितलं नसतं.

मी घसरलो. त्या दिवशी माती विटेसारखी वाळलेली होती. पहिल्याच वेळी डावी मांडी गुडघ्यापासून कमरेपर्यंत सोलून निघाली. दुसऱ्या वेळी त्याच जागेवर. सहाही वेळा घसरलो. उठलो तेव्हा बुटात ओलं लागत होतं. हावलिकनं माझ्या पायाकडे बघितलं, शिवणीकडे बघितलंच नाही. तो मान हलवत होता, पण रीत म्हणजे रीत, शब्द माझा होता. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. "नाही" म्हणायला हवं होतं. वरच्या खोलीत ज्यांचे शर्ट टांगलेत त्या सगळ्यांसाठी म्हणायला हवं होतं. मला आता असं लिहिता आलं असतं की मला हावलिकचे आकडे आठवले, उद्या लोक याच चड्डीला देव मानतील असं वाटलं. तसं काही वाटलं नाही. मला फक्त तू दिसलास, खाणीत खाली उतरणाऱ्या पिंजऱ्यात बाबांच्या शेजारी, डोक्यावर दिवा बांधून. मी म्हणालो, "जाईल."

तर ऑर्व्हिल, तुझ्या अंगावर ती चड्डी टटलनं चढवली नाही, मी चढवली. माझ्या एका शब्दावर तुमचा संघ अजून उभा आहे आणि त्याच शब्दानं तुझ्या मांड्यांची कातडी जाणार आहे, आणि तुला न विचारता हा सौदा मी केला. जो घालणार त्यानंच बोलायचं ही इथली रीत, आणि खरा घालणारा तू होतास. म्हणून हे पत्र. मुकादमाकडून शनिवार-रविवारची सुट्टी घेतली आहे. रविवारी मी ब्रॅनफेरीत असेन, तिसऱ्या बेसच्या बाजूला, प्रेक्षकांच्या फळकुटांच्या बाकांवर. जाईल की नाही, ते तू सांग. तू मैदानात उतरलास तर मी उभा राहीन, लोक कितीही हसोत. नाही उतरलास तर माझ्याकडे बघूसुद्धा नकोस, सरळ बसकडे चालायला लाग. तुझी बॅग मी उचलेन, आणि सोमवारी पिंजऱ्यात तुझ्या शेजारी मीही असेन.

तुझाच,
डेल