पाचवीचं गणित मीच घेणार

२ सप्टेंबर, सोमवार
निर्णय घेतला. आमच्या लेकीचं, टिकलीचं, गणित यापुढे मी घेणार. तिच्या बाईंचा निरोप आलाय: चाचणीत जी मुलं मागे पडतील त्यांना शाळा सुटल्यावर जादा तासाला बसावं लागेल. नेमकी तीच टिकलीच्या पोहण्याची वेळ. मागे तापामुळे आठवडाभर पोहणं बंद होतं, तेव्हा तिने घरात कुणाला सुखाने बसू दिलं नव्हतं.
बायको म्हणाली, क्लास लावू. मी म्हणालो, पाचवीच्या गणिताला क्लास? मी शोरूममध्ये दिवसभर गालिचे आणि पडदे मापून देतो. म्हणजे गणितच करतो. ती म्हणाली, हिशेब कॉम्प्युटर करतो. करतो, पण त्यात आकडे कोण घालतं? यावर ती कुकर लावायला उठली. पटलं असावं.
रोज सहा ते सात. उद्यापासून.

३ सप्टेंबर
उद्यापासून. पायांचे तुकडे पडलेत. एका बाईंनी अख्ख्या भिंतीवरचे गालिचे उलगडायला लावले आणि पायपुसणं घेऊन गेल्या.

४ सप्टेंबर, बुधवार, सहा चाळीस
श्रीगणेशा झाला. अपूर्णांकांची बेरीज. एक छेद दोन अधिक एक छेद तीन. मी म्हणालो, सोपं आहे, वरचे वरच्यात, खालचे खालच्यात. दोन छेद पाच. टिकली म्हणाली, बाई आधी छेद सारखे करायला सांगतात. मी म्हणालो, बाईंना तास भरायचा असतो, म्हणून लांबची पद्धत. आपल्याला चाचणीत वेळ वाचवायचाय.
ती जरा वेळ पेन्सिल चावत बसली. मग म्हणाली, बाबा, अर्ध्यात आणखी काहीतरी मिळवलं, तर अर्ध्यापेक्षा कमी कसं झालं?
पाया कच्चा असला की असे प्रश्न पडतात. तिला तसं सांगितलं. मग चहा झाला होता म्हणून उठलो. एकूण तास उत्तम.

६ सप्टेंबर
दोन दिवस तास झाला नाही. काल पाठ धरली होती, आज मनःस्थिती नव्हती. शिकवणाऱ्याचं मन प्रसन्न हवं. टिकलीने स्वतःहून विचारलं, आज नाही ना? आवड निर्माण झालीय.

८ सप्टेंबर, रविवार
पुस्तकी गणितात राम नाही. आज प्रत्यक्ष शिक्षण. टिकलीच्या खोलीचं क्षेत्रफळ काढायचं आणि तेवढा गालिचा शोरूममधून कापून आणायचा, असा प्रकल्प काढला. टेप धरायला तिला फार मजा आली. लांबी भरली तीन मीटर पाच सेंटिमीटर. मी लिहिलं, तीन पूर्णांक पाच. टिकली म्हणाली, बाबा, मध्ये शून्य येतं, तीन पूर्णांक शून्य पाच. मी म्हणालो, शून्याला किंमत नसते, हे पहिलीतलं आहे. ती म्हणाली, इथे असते. मी म्हणालो, टेप नीट धर.
दाराशी उभं राहून बायको ऐकत होती. हसली नाही, पण हसल्यासारखी दिसली.

११ सप्टेंबर, बुधवार
गालिचा आला. जरा लांब निघाला. जरा म्हणजे समोरच्या भिंतीवर हातभर चढलाय. दुमडून पाहिला तर दार अर्धंच उघडतं. बायको म्हणाली, आता खोलीत आडवं होऊन शिरायचं का? मी म्हणालो, धुतल्यावर गालिचे आटतात. तिने विचारलं, धुणार कोण? मूळ मुद्दा सोडून बोलण्याची तिला सवय आहे.
 टिकली भिंतीवर चढलेल्या भागाला टेकून वाचत बसली. म्हणाली, पाठीला मऊ लागतं. गुणी पोर आहे.

१४ सप्टेंबर, शनिवार
चाचणी मंगळवारी. आज सगळी उजळणी उरकायची ठरवलं होतं: लसावि, भागाकार, दशांश, परिमिती. लसावि म्हणजे लघुतम साधारण विभाज्य. एवढं म्हणून झाल्यावर थोडा थांबलो. टिकली म्हणाली, मी करून दाखवू? म्हटलं, दाखव. तिने भराभर केलं. मी मान डोलावली. माझ्या शिकवण्याचा परिणाम दिसू लागलाय. भागाकाराच्या वेळी बसल्या बसल्या डोळा लागला. जागा झालो तर अंगावर चादर होती आणि पोरगी पोहायला गेली होती.

१७ सप्टेंबर, मंगळवार
चाचणी झाली. कशी गेली, विचारलं. म्हणाली, बरी. अपूर्णांक आले होते का? आले होते. आपल्या पद्धतीने केलेस ना? तिने बुटाची नाडी सोडायला घेतली. बराच वेळ सोडत होती. मग म्हणाली, हो बाबा.
कामगिरी फत्ते. पुढच्या आठवड्यापासून सहावीचं पुस्तक आणावं का?

२० सप्टेंबर, शुक्रवार
पंचवीसपैकी अकरा. जादा तासाच्या यादीत नाव आहे.
 टिकलीने पोहण्याचा पोशाख वाळत घातला होता तो काढून, घडी करून कपाटात अगदी मागे ठेवला. रडली नाही. मीच म्हणालो, पेपर कठीण काढला असणार. उद्या बाईंना भेटून जाब विचारणार आहे.

२१ सप्टेंबर, शनिवार, दुपारी
बाईंना भेटलो. वयाने लहान आहेत, माझ्यापेक्षा बऱ्याच. मुलांच्या बाकावर बसवलं; गुडघे पोटात. मी आवाज चढवणार तेवढ्यात त्याच म्हणाल्या, तुमच्या मुलीला वर्गात कधीही फळ्याशी बोलवा, तिचं चुकत नाही. चाचणीत मात्र तिने बरोबर गणितं खोडून चुकीची लिहिली. म्हणून मी तिला बोलावून विचारलं.
काय म्हणाली, मी विचारलं.
बाईंनी खडू उचलला, परत ठेवला. म्हणाल्या, "ती म्हणाली, पेपर बाबा बघतात. बाबांच्या पद्धतीने नाही केलं तर त्यांना वाईट वाटेल. ते दमून येतात आणि तरी शिकवतात."
मी म्हणालो, घरी एक आणि शाळेत दुसरी पद्धत असली की मुलांचा गोंधळ होतो. बाई म्हणाल्या, हो ना. मग सावकाश म्हणाल्या, मी बुधवारी तिची परत चाचणी घेते. तोवर तुम्ही शिकवू नका, एवढं कराल?
म्हटलं, बघतो.
घरी चालत आलो. बस मिळत होती, पण चालतच आलो.

२२ सप्टेंबर, रविवार
बायकोला सगळं सांगितलं. वाटलं, आता ती बोलणार. तिने माझ्या पानात आणखी भाजी वाढली आणि म्हणाली, पोरीला तू आवडतोस, त्याला काय करणार.

२४ सप्टेंबर, मंगळवार, संध्याकाळी
तिला म्हणालो, बाईंच्या पद्धतीने कर, मला वाईट वाटणार नाही. तिने माझ्या तोंडाकडे नीट बघून घेतलं. नक्की? नक्की.
शिकवायचं नाही असं ठरलंय, बसायचं नाही असं कुणी म्हटलेलं नाही. म्हणून शेजारी बसलो. ती मोठ्याने बोलत गणितं करत होती. भाग सारख्या आकाराचे नसतील तर मोजायचे कसे, म्हणून आधी छेद सारखे करायचे. मला ते माहीतच होतं. पण तिची उजळणी व्हावी म्हणून म्हटलं, परत सांग. तिने सांगितलं. उजळणी पक्की व्हावी म्हणून आणखी एकदा विचारलं. या वेळी तिने एका चौकोनाचे भाग पाडून, हळूहळू, माझ्याकडे बघत सांगितलं. मग म्हणाली, आता कळलं?
म्हटलं, मला काय कळायचंय.
तिने पेन्सिल माझ्या हातात दिली. दोन छेद तीन अधिक एक छेद चार. कर, म्हणाली.
केलं. छेद बारा आला, तो बरोबर होता, ती मान डोलावत होती. मग वरचे दोन आणि एक मिळवून मी तीन लिहिले. तीन छेद बारा. उत्तराखाली रेघही मारली.
टिकलीने थोडा वेळ बघितलं. मग खोडरबर माझ्याकडे सरकवलं.