नळदुर्गकर वकिलांना गेलेला स्वागताचा मेल

अंबरपेठ, हैदराबाद

ती. सुधीरमामा यांस,

सारंगचा साष्टांग नमस्कार. (परवापासून आडवाच पडून आहे, तेव्हा तो खराखुरा साष्टांग समजावा.) मामींचा गुडघा कसा आहे? जिना उतरता येतो का? माझी तब्येत ठीक. अब्रू तेवढी अत्यवस्थ आहे.

इथल्या मराठी वाचनालयाची वेबसाइट मी हौसेने करून दिली, हे तुम्हाला ठाऊक आहेच. सभासदाने खातं उघडलं, पासवर्ड विसरला किंवा खातं बंद केलं, की त्याला आपोआप मेल जातो. तो आयता इंग्रजी मजकूर सुखाने नांदत होता. पण अध्यक्ष शांताकाकूंनी (जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, अजून समोरच्याकडे वही तपासल्यासारखं बघतात) फर्मान काढलं, की मेल मराठीत हवेत आणि त्यांत जिव्हाळा हवा. यंत्राच्या तोंडी जिव्हाळा घालायला गेलो आणि तिथेच माझे ग्रह फिरले.

पासवर्ड विसरणाऱ्याला धीर यावा म्हणून मी लिहिलं, 'वयोमानाप्रमाणे असे व्हायचेच.' तो मेल सगळ्यांत आधी मिळाला प्राजक्ताला, जी अजून कॉलेजात आहे. मग स्वागताच्या मेलात घोळ. मजकुरात नावाच्या जागी एक खुणेचा शब्द असतो; तिथे यंत्र ज्याचं त्याचं नाव घालतं. शुद्धतेच्या भरात मी ती खूणही मराठी केली, आणि नव्या सभासदांना 'प्रिय सभासदाचे नाव' अशी पत्रं जाऊ लागली. ते घाईघाईने निस्तरताना स्वागताचा आणि खातं बंद झाल्याचा, असे दोन्ही मजकूर एकमेकांच्या जागी चिकटवून बसलो.

नेमके त्याच दिवशी नळदुर्गकर वकील सभासद झाले. घरात सगळ्यांचा मिळून एकच मेलचा पत्ता, त्यामुळे मेल आधी उघडला त्यांच्या पुण्यातल्या मुलीने. 'श्री. नळदुर्गकर, आपण आम्हाला सोडून गेलात. ही पोकळी भरून निघणे नाही.' (खाली 'परत येण्यासाठी येथे क्लिक करा' असंही होतं, पण तिथवर कोण वाचतं!) वकीलसाहेब कोर्टात, फोन बंद. मुलीने रडत रडत मलकपेठच्या आत्यांना कळवलं, आत्या आक्रोश करत रिक्षाने पोचल्या, आणि दार उघडलं नुकत्याच कोर्टातून परतलेल्या खुद्द वकीलसाहेबांनी. आत्यांना आलेली भोवळ शेजाऱ्यांनी कांदा हुंगवून उतरवली. मग मला फोन आला.

"मियाँ, मी वारलो अन् मलाच खबर नाही? असं कायको केलं?"

मामा, काल शांताकाकूंनी मेल पुन्हा इंग्रजीत करायला सांगितले आहेत. जेवण जात नाही.

मामींना नमस्कार.

तुमचा,
सारंग

ता.क. : खरं सांगायचं तर पत्र त्यासाठी नाही. ती पुण्यातली मुलगी म्हणजे ज्योती. आमचं लग्नाचं ठरलं होतं, तिच्या वडिलांना सांगणं तेवढं बाकी होतं. आता ती माझा फोन उचलत नाही. तुमच्या घरापासून ती जवळच राहते. एकदा जाऊन तिला समजवाल का? मामींनाही न्या. बायकांचं बायकांना कळतं.

ता.क. २ : पाकीट चिकटवणार, तेवढ्यात वकीलसाहेबांचा पुन्हा फोन. "पोरगी परेशान आहे. म्हणते, त्या सारंगशी लग्न नक्को. अरे, करणार होती, हेच मला कुठं माहीत होतं? इतवारी घरी ये अन् जबानी दे. तुझ्याकडून कोणी मोठं माणूस असलं तर घेऊन ये."

मामा, ते मोठं माणूस तुम्हीच. शनिवारच्या रात्रीच्या गाडीचं तिकीट मिळणार नाही, शुक्रवारीच निघा.